युरोपात पीएचडी, सुरुवात कुठनं करू?

प्रश्न: सोलापुरातनं केमिस्ट्रीत एमएससी झालंय, जर्मनी नायतर नेदरलँड्सला पीएचडी करायचीय. 50 प्रोफेसरांना मेल टाकला, एकाचंबी उत्तर नाही. फी किती लागती?

उत्तर १: फी कसली, तिकडं पीएचडी म्हंजे बऱ्याचदा नोकरीच, पगार मिळतो. युरॅक्सेसवर, म्हंजे युरोपातल्या संशोधनाच्या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर, जागा निघतात. मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्क, म्हंजे युरोपियन युनियनच्या पैशावर चालणारी पीएचडीची योजना, तीपण बघ, त्यात एक अट आहे, ज्या देशात जागा आहे तिथं मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, तू तर सोलापूरच्या सात रस्ता चौकाच्या पुढं गेला नसशील 😄

उत्तर २: सगळ्यांना एकच मेल? 'डिअर सर' करून? आधी त्यांचा एखादा पेपर वाच की लेका, मग चार ओळी लिही. मला अकराव्या मेलला रिप्लाय आलता.

प्रश्नकर्ता: 'डिअर सर'च होतं. त्यात निम्म्या मॅडम होत्या 🤦