भार पेलणाऱ्या पंखालाही इजेनंतर फ्लटरचा धोका का?

प्रश्न (विमानविद्या):
पंखाच्या आवरणाला भोक पडले किंवा आतली एखादी रिब (पंखाला आकार देणारी फासळी) तडकली, तर फ्लटर (वाहत्या हवेमुळे आपोआप वाढत जाणारी पंखाची कंपने) सुरू होण्याचा वेग खाली येऊ शकतो, असे वाचले. पण इजा होऊनही पंख नेहमीचा भार पेलत असेल, तर धोका कशाचा?

उत्तर (जुना_मेकॅनिक):
भार पेलणे हा मजबुतीचा प्रश्न आहे, फ्लटर हा मुख्यतः ताठरपणाचा. पंखाचे वाकणे आणि त्याला पीळ बसणे या दोन कंपनांच्या वारंवारता एकमेकींजवळ सरकल्या, की ती कंपने वाहत्या हवेतून ऊर्जा ओढून घेऊ लागतात. लॉकहीड इलेक्ट्रा या प्रॉपेलरच्या प्रवासी विमानाचे उदाहरण पाहा. 29 सप्टेंबर 1959 रोजी टेक्सासमध्ये आणि 17 मार्च 1960 रोजी इंडियानात या जातीच्या विमानांचे पंख हवेतच तुटले. अनुक्रमे 34 आणि 63 माणसे गेली. इंडियानातील अपघाताच्या तपासात कमजोरी पंखात नव्हे, तर बाहेरच्या इंजिनाच्या बैठकीत असावी असे दिसले. बैठक ढिली झाली, की प्रॉपेलरचा आस स्वतःच्या फिरण्याच्या उलट दिशेने डोलू लागतो. हे डोलणे वाढत गेले तसतशी त्याची वारंवारता सेकंदाला सुमारे 5 वरून 3 पर्यंत उतरली आणि नेमकी पंखाच्या स्वतःच्या कंपनांशी जुळली. बैठक धडधाकट असती, तर हेच डोलणे आपोआप विरून गेले असते.

उत्तर (फ्लटर_गणित):
याला जोड म्हणून सांगतो, इजा किती मोठी दिसते यावरून काहीच ठरवू नये. आवरणातले भोक पिळाचा ताठरपणा किती घटवते, हे ते कोठे पडले यावर अवलंबून असते. उलट नियंत्रण-पृष्ठाच्या (विमान वळवणाऱ्या हलत्या झडपेच्या) जोडणीतली ढिलाई डोळ्यांना दिसतही नाही. सप्टेंबर 1997 मध्ये बाल्टिमोरजवळच्या हवाई प्रदर्शनात एफ-117 या अमेरिकी लढाऊ विमानाचा डावा पंख तुटला, तेव्हा एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेचे नियंत्रण-पृष्ठ) हलवणाऱ्या यंत्रणेच्या आधारातील पाचपैकी चार फास्टनर (जोडखिळे) जागेवर नव्हते. वैमानिक वाचला, हे नशीबच.

प्रश्नकर्ता:
मग प्रमाणपत्र देताना इजा झालेले विमान तपासतात का?

उत्तर (फ्लटर_गणित):
हो, मात्र बहुतांशी गणिताने. मोठ्या प्रवासी विमानांच्या अमेरिकी नियमांतील कलम 25.629 प्रमाणे निर्दोष विमान आराखड्यातील कमाल वेगाच्या 15 टक्के पुढेही फ्लटरमुक्त असावे लागते. इंजिनाच्या आधारातील एखादा भाग निकामी झाला, असे धरून वेगळी पडताळणी करावी लागते. तेथे वेगाची अट थोडी सैल असते.