मोठ्या कंपनीला सावरायचं असेल, तर आधी तिच्याकडे अडकलेले छोट्यांचे पैसे सोडवा

जॉबवर्कवाला, भोसरी

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने व्होडाफोन आयडियाकडून येणं असलेल्या ३६,९५० कोटी रुपयांच्या बदल्यात शेअर घेतले. भाव १० रुपये, बाजारात तोच शेअर ७ रुपयांच्या आसपास मिळत असताना. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये असेच १६,१३३ कोटींचे शेअर घेतले होते. एप्रिल २०२५ च्या व्यवहारानंतर सरकारचा वाटा ४८.९९ टक्के झाला. कंपनी बुडाली असती तर कोट्यवधी ग्राहकांचे हाल झाले असते, हे मला मान्य आहे. त्यामुळे "का वाचवलं" हा माझा प्रश्न नाही. वाचवताना कंपनीच्या पुरवठादारांचा विचार कुठल्या टप्प्यावर होतो, एवढंच मला विचारायचं आहे.

मंदीत छोटा कारखाना काम नसल्याने बंद पडतो असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात तो त्याच्या आधीच, केलेल्या कामाचे पैसे अडकल्याने बंद पडतो. २०१९ मध्ये गाड्यांची विक्री घसरली आणि मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून देणाऱ्या आमच्यासारख्यांची शेड्यूल, म्हणजे महिन्याची ठरलेली ऑर्डर, निम्म्यावर आली. काम कमी झालं ते सोसलं. पण त्याच वेळी मोठ्या ग्राहकांनी रोकड धरून ठेवायला सुरुवात केली. ६० दिवसांचं पेमेंट ९० वर गेलं, ९० चं १२० वर. माझ्या एका ग्राहकाने तर जुनी बिलं "रिकन्सिलिएशनमध्ये आहेत", म्हणजे हिशेब जुळवणं चालू आहे, असं सांगून सहा महिने बसवून ठेवली. बिल काढलं की जीएसटी मात्र पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. म्हणजे माझ्याच पैशाविना मी सरकारला कर देतो, कामगारांना पगार देतो आणि ग्राहकाला बिनव्याजी उधारी देतो.

कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद, हे भोसरीतल्या कुठल्याही शेडमध्ये विचारा.

म्हणून माझी मागणी एकच आहे. थकबाकी माफ असो, मुदतवाढ असो, शेअरमध्ये रूपांतर असो, ज्या मोठ्या कंपनीला सरकारकडून सवलत हवी असेल तिने आधी आपल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची ४५ दिवसांवरची सगळी देणी चुकती करावीत. तोवर सवलत नाही.

ताळेबंद

जॉबवर्कवाले, कळकळ समजली, पण दोन गोष्टींची गल्लत होते आहे.

व्होडाफोन आयडियाचं जे देणं सरकारने शेअरमध्ये बदललं ते सरकारचंच येणं होतं, स्पेक्ट्रमचं (मोबाइल लहरींच्या वापराचं) आणि एजीआरचं (कंपनीच्या उत्पन्नातल्या सरकारी वाट्याचं). तिजोरीतून कुणी रोख रक्कम काढून दिलेली नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली असती तर ते येणं जवळजवळ शून्य झालं असतं आणि खाजगी मोबाइल सेवा दोन कंपन्यांच्या हातात गेली असती. त्यानंतर रिचार्जचे दर कुठे गेले असते याचा विचार करा. तो भार किराणा दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी उचलला असता.

दुसरं, छोट्यांना काही मिळालं नाही असा सूर निघतो, ते खरं नाही. १३ मे २०२० ला अर्थमंत्र्यांनी ३ लाख कोटींची तातडीची कर्ज हमी योजना जाहीर केली. पुढे तिची मर्यादा ५ लाख कोटींपर्यंत नेली. तारण नाही, पहिलं वर्ष मुद्दल नाही, बँकेचं व्याज ९.२५ टक्क्यांच्या वर नाही, आणि कर्ज बुडालं तर शंभर टक्के हमी सरकारची. रकमेत पाहिलं तर व्होडाफोनची सवलत याच्यापुढे लहान आहे.

आणि मोठ्यांना नेहमीच वाचवतात हेही चूक. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज ही विमान कंपनी बंद पडली. हजारो नोकऱ्या गेल्या. सरकारने वाचवली नाही, आणि शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढायचा आदेश दिला.

खर्चीवाला, इचलकरंजी

ताळेबंद, त्या हमी योजनेचा आमच्या बाजूने हिशेब ऐका. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के मिळणार, असा नियम होता. म्हणजे ज्याच्या डोक्यावर १० लाख होते त्याला आणखी २ लाख. आणि ज्याने बँकेचं कर्जच घेतलं नव्हतं, कसंबसं स्वतःच्या पैशावर चार-सहा माग चालवले, त्याला शून्य.

आम्ही खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं. आम्हाला पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी मिळते, तीही रुपयांत नाही, पैशांत. लॉकडाऊनमध्ये माग बंद, विजेचा स्थिर आकार चालू, आधी विणून दिलेल्या कापडाची मजुरी अडकलेली. त्या वेळी मला कर्ज नको होतं. माझी मजुरी हवी होती. व्यापारी म्हणायचा, वरून पैसे आले की देतो. वरचा म्हणायचा, त्याच्या वरून आले की देतो. सगळ्यात वर जो होता त्याने हात वर केले आणि सगळ्यात खाली मी होतो.

शंभर टक्के हमी बँकेला होती, मला नव्हती. माझं कर्ज बुडालं तरी बँकेचे पैसे सुरक्षित, आणि माझं सिबिल खराब.

स्वच्छ स्पर्धा

माझं मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. कुणालाच वाचवू नये. ना मोठ्याला, ना छोट्याला.

आपल्याकडे छोटा धंदा म्हणजे पवित्र अशी समजूत आहे. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत याच्यावर एक अख्खं प्रकरण होतं. दहा वर्षांहून जुने, तरी शंभरापेक्षा कमी कामगारांचे असे कारखाने आपल्याकडे भरपूर आहेत, आणि संख्येच्या मानाने ते रोजगार आणि उत्पादकता दोन्हीत फार कमी भर घालतात. सवलती लहान राहण्यावर मिळतात, म्हणून माणसं लहानच राहतात. मंदीत सगळ्यांना तगवून धरलं तर कामगार आणि भांडवल न चालणाऱ्या जागीच अडकून पडतं.

वाचवायचंच असेल तर माणूस वाचवा. जर्मनीत कुर्त्सआर्बाइट आहे. काम कमी झालं तर कंपनी कामाचे तास कमी करते आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग, मुलं असतील तर ६७ टक्के, सरकारी बेरोजगारी विमा देतो. २००९ मध्ये आणि २०२० मध्ये त्यांनी हेच केलं. कंपनी मोठी की छोटी, हा प्रश्नच उरत नाही.

जॉबवर्कवाला, भोसरी

स्वच्छ स्पर्धा, मी कुणाची मदत मागितलेलीच नाही. माझं येणं मागतोय. मी माल दिला, त्यांनी तो बसवला, गाडी विकली, पैसे घेतले. यात मला तगवून धरण्याचा प्रश्न कुठे आला? ज्या बाजारात मोठा खरेदीदार कराराची तारीख स्वतः पुढे ढकलतो आणि त्याला काही होत नाही, तो बाजार तुम्हाला खुला वाटतो का? माझं युनिट महाग पडत असेल, दर्जा कमी असेल, तर जरूर बंद पडू दे. पैसे वेळेवर मिळूनही बंद पडलं तर मी तक्रार करणार नाही.

जर्मनीची योजना मला आवडते. पण ती पगारपत्रकावर चालते. आमच्याकडे कितीतरी शेडमध्ये मालकच सकाळी मशीनवर आणि संध्याकाळी टेम्पोवर असतो. त्याचं पगारपत्रक कुठलं?

ताळेबंद, तुम्ही एक गोष्ट वगळलीत. २४ मार्च २०२० ला पैसे थकवणाऱ्या कंपनीला दिवाळखोरी कायद्यात नेण्यासाठी लागणारी किमान थकबाकी १ लाखावरून १ कोटी केली. कारण दिलं की लघुउद्योगांवर कुणी दिवाळखोरी लादू नये. हेतू चांगला होता. पण माझ्यासारख्याचं येणं १२ लाख, १८ लाख असं असतं. एक नोटीस पाठवली की अकाउंट्सचा फोन यायचा, ते बंद झालं. आमचं संरक्षण म्हणून आमच्याच हातातलं हत्यार गेलं.

खरेदी विभागातून

मी एका मोठ्या वाहन कंपनीच्या खरेदी विभागात काम करतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. जॉबवर्कवाल्यांची मागणी ऐकायला सरळ आहे, पण पैसा अडकतो ती जागा बहुतेक वेळा वेगळीच असते.

आम्ही टियर-१, म्हणजे आमच्या थेट पुरवठादाराला पैसे देतो. तो टियर-२ ला, टियर-२ पुढे जॉबवर्कवाल्याला. माझ्या अनुभवात खरी दिरंगाई मधल्या दोन पायऱ्यांवर होते. उद्या आमच्या कंपनीला सवलत देताना तुमची अट घातली, तर आम्ही आमच्या थेट सूक्ष्म-लघु पुरवठादारांची देणी आठवड्यात चुकती करू आणि सर्टिफिकेट देऊ. इचलकरंजीच्या खर्चीवाल्यापर्यंत किंवा भोसरीच्या शेडपर्यंत त्यातलं काय पोहोचेल? आमच्या थेट यादीत ते नाहीतच.

अटीचा उलटा परिणामही होतो. आयकराचं कलम ४३ब(एच) आलं तेव्हा पाहिलंच आहे. ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही. त्यावर काही खरेदीदारांनी पुरवठादारांना सरळ सांगितलं, उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द कर किंवा काम विसर. काहींनी ऑर्डर मध्यम उद्योगांकडे वळवल्या, कारण त्यांना हा नियम लागू नाही.

लाकडी फर्निचर, सोलापूर

आम्हा दुकानदारांचं कुणी बोलतच नाही. जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी दिली, पण फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जासाठी. ४५ दिवसांचं संरक्षण आम्हाला नाही. एका संस्थेला टेबल-खुर्च्या दिल्या, बिल वर्षभर फिरतंय. दाद कुठे मागायची?

मिशिगनहून

मी इथे अमेरिकेत वाहन उद्योगातच आहे. ही चर्चा इथे २००८-०९ मध्ये जोरात झाली होती.

जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला सरकारी पैसा द्यावा की नाही यावर वाद पेटला, तेव्हा फोर्डचे प्रमुख अ‍ॅलन मुलाली संसदेपुढे जाऊन प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या म्हणाले. फोर्डला स्वतःला ते तातडीचं कर्ज नको होतं. कारण साधं होतं: पुरवठादार सामाईक होते. जीएम कोसळली असती तर तिचे पुरवठादार कोसळले असते आणि त्यांच्या भागांविना फोर्डची लाइन थांबली असती. मोठ्याला वाचवणं म्हणजे छोट्यावर अन्याय, असं गणित नेहमी बसत नाही, हे ताळेबंद यांचं म्हणणं मला पटतं.

पण मार्च २००९ मध्ये सरकारने आणखी एक केलं. पुरवठादारांच्या येण्यासाठी ५ अब्ज डॉलरपर्यंतची वेगळी योजना काढली. माल पाठवला की त्याच्या बिलाला सरकारी पाठबळ. जॉबवर्कवाले मागताहेत त्याच्या हे बरंच जवळचं आहे. फक्त त्यातही कुणाची बिलं घ्यायची ते कार कंपनी ठरवत असे.

आणि छोट्यांचं काय झालं? क्रायस्लरने दिवाळखोरीत ७८९ डीलरशी करार तोडले. त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची कौटुंबिक दुकानं होती. कंपनी वाचली, ती गेली. वाचवण्याच्या अटी लिहिताना त्या टेबलावर डीलरच्या बाजूने कुणी नव्हतं. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की खरी चूक तिथे झाली.

ताळेबंद

मिशिगनहून आलेली माहिती महत्त्वाची आहे. त्या ५ अब्जांच्या कल्पनेला माझा विरोध नाही. आपल्याकडे ट्रेड्स हा बिलांवर लवकर पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच आहेच. पुरवठादार बिल चढवतो, खरेदीदार मान्य करतो, बँका बोली लावतात, दोन-तीन दिवसांत पैसे खात्यात. खरेदीदाराने नंतर बँकेला दिले नाहीत तर तो भार पुरवठादारावर येत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची केली आहे.

माझा आक्षेप "तोवर सवलत नाही" याला आहे. मंदीत कंपनीकडे रोकड नसते म्हणूनच ती सरकारकडे येते. आधी देणी चुकती कर म्हणालात तर ती दारातच कोसळेल आणि पुरवठादारांचं येणं दिवाळखोरीच्या रांगेत शेवटी जाईल. तिथे कामगार आणि तारण असलेल्या बँका आधी, तुम्ही बरेच खाली.

जॉबवर्कवाला, भोसरी

हे मान्य. "आधी" हा शब्द मागे घेतो. सवलत आणि देणी एकाच वेळी होऊ देत. सरकारने दिलेल्या मुदतवाढीमुळे जी रोकड वाचते, तिचा पहिला हक्क ४५ दिवसांवरच्या बिलांचा.

पण ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची असली तरी प्रत्येक बिल मान्य करणं सक्तीचं नाही. माझ्या ग्राहकाने नोंदणी केली आहे. माझं एकही बिल तिथे मान्य केलेलं नाही. म्हणून दुसरी अट: सवलत घेतलेल्या कंपनीने पुरवठादारांची सगळी बिलं ट्रेड्सवर ठरावीक दिवसांत मान्य करायची किंवा लेखी कारण देऊन नाकारायची.

खरेदी विभागवाल्यांचा पायऱ्यांचा मुद्दा सगळ्यात कठीण आहे आणि तो मी टाळणार नाही. टियर-१ लाही तुमच्याकडून पैसे मिळतात. तुमच्या खरेदी करारात दर्ज्याच्या अटी खालच्या पायरीपर्यंत जातात, ऑडिट करायला तुमची माणसं माझ्या शेडमध्ये येतात, माझ्या गेजचं (मापाच्या साधनाचं) कॅलिब्रेशन, म्हणजे ते अचूक मोजतं का, तपासतात. मग पेमेंटची तारीखही खालपर्यंत तपासता येईल. ४५ दिवसांवरची देणी कंपन्या दर सहा महिन्यांनी एमएसएमई-१ फॉर्ममध्ये कारणासह सरकारला कळवतातच. तो फॉर्म टियर-१ ही भरतो. सवलतीच्या फाइलला दोघांचे फॉर्म जोडा.

खरेदी विभागातून

कॅलिब्रेशनचं उदाहरण बरोबर आहे, आम्ही ते खालपर्यंत पाहतो. पेमेंट पाहिलं तर टियर-१ दर वाढवून मागेल, तो खर्च कुणी घ्यायचा हे आधी ठरवावं लागेल.

खर्चीवाला, इचलकरंजी

आज तो खर्च आम्हीच भरतो आहोत. बाहेरून उचललेल्या पैशावर महिन्याला दोन टक्के व्याज देऊन.