दीड किलोच्या आतलं बाळ: महिन्याच्या डोळेतपासणीतच हाडांसाठी रक्त का घेऊ नये?

दाभोळखाडी:
जन्मतः १५०० ग्रॅमच्या आत असलेल्या प्रत्येक बाळाचं रक्तातलं फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं कमकुवत होऊ लागली की रक्तात चढणारं एन्झाइम) चौथ्या आठवड्यात तपासलंच पाहिजे, असं माझं ठाम मत. पोटातल्या बाळाच्या हाडांत कॅल्शियम-फॉस्फरसची सुमारे ८० टक्के भर शेवटच्या तिमाहीत पडते. सातव्या महिन्यात आलेलं बाळ म्हणजे बेगमी भरायच्या आधीच मृग कोसळलेलं घर.

हाडं झिजत असतात आणि बाहेरून काही कळत नाही. एक्स-रेत दिसेपर्यंत २० ते ४० टक्के खनिज गेलेलं असतं. रक्तातलं कॅल्शियम तर बहुतेकदा नॉर्मलच येतं, कारण शरीर ते हाडांतून ओढून रक्तात आणतं. तेवढंच बघून लोक निर्धास्त होतात.

मंडणगड किंवा वैभववाडीच्या एखाद्या वाडीवरून रक्तासाठी वेगळी फेरी कोणी मारणार नाही. पण रेटिनोपॅथीसाठी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार) अशा बाळांचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासायचेच असतात. त्याच फेरीत हेही उरकावं.

काचेची_पेटी:
नवजात कक्षात नोकरी करते, म्हणून विरोध नोंदवते. किलोभर वजनाच्या बाळात सगळं मिळून ८०-९० मिली रक्त. तुम्ही सहज म्हणता 'एक तपासणी', पण आधीच टोचून टोचून पोर पांढरं पडलेलं असतं. शिवाय तो आकडा फसवा. कावीळ रेंगाळली, यकृत बिघडलं तरी अल्कलाइन फॉस्फेटेज चढतं. उलट झिंक कमी असेल तर ते चढायला हवं तेवढं चढत नाही, कारण त्या एन्झाइमलाच झिंक लागतं. त्यापेक्षा आईच्या दुधात फोर्टिफायरची (कॅल्शियम, फॉस्फरस वगैरे वाढवणारी) पावडर आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व सगळ्यांनाच द्या.

दाभोळखाडी:
पावडर द्यायचीच, त्यावर वाद नाही. पण घरी गेल्यावर ती किती दिवस चालते? पुड्या महाग, तालुक्याच्या मेडिकलात मिळतीलच असं नाही, मग 'दूध अंगी लागतंय ना' म्हणून बंद. आणि ज्या बाळाला बरेच दिवस सलाइनमधून पोषण, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) किंवा स्टिरॉइड मिळालं, त्याला नेहमीचा डोस पुरतोय की नाही हे रक्ताशिवाय कसं कळणार?

मालवणची_मावशी:
माका वाटता, सकाळचा कोवळा ऊन दाखवा नि खोबरेल लावा. आमची पोरा अशीच वाढली!

काचेची_पेटी:
मावशी, उन्हानं ड मिळेल, फॉस्फरस कुठून येणार? आणि मालिश करणाऱ्या बाईला आधीच सांगा, हातपाय ताणायचे नाहीत, छाती दाबायची नाही. या बाळांच्या बरगड्या साध्या हाताळणीतही मोडू शकतात. नुसतं तेल हलक्या हातानं लावा. (घरात हे सांगायची हिंमत सुनेला नसते, सासूलाच समोर बसवून सांगावं लागतं.)

ओरोसवाला_डॉक्टर:
दोघांच्या बोलण्यातला एक मुद्दा राहिला. फॉस्फरस कमी दिसलं की लगेच फॉस्फेट चालू करायचं, हेही धोक्याचं. मूळ कमतरता कॅल्शियमची असेल तर पॅराथायरॉइड हार्मोन (पीटीएच) वाढतं, ते लघवीवाटे फॉस्फरस बाहेर टाकतं, आणि रक्तात तुम्हाला फक्त कमी फॉस्फरस दिसतं. अशा बाळाला एकटं फॉस्फेट दिलं तर हाडं आणखी झिजतील. उलट फॉस्फरसच कमी असताना नुसतं कॅल्शियमचं सिरप, तेही चूकच. शंका असेल तर पीटीएच बघा. फॉस्फरस ४ मिलिग्रॅमच्या खालीच राहत असेल तर पाठपुरावा, फॉस्फेटेज ८०० ते १०००च्या वर गेलं तर एक्स-रे. एका आकड्यावरून निदान नको, पण तपासूच नका हेही मला पटत नाही.

काचेची_पेटी:
ठीक. हिमोग्लोबिनसाठी तसंही रक्त घेतोच, त्याच टोचण्यात घ्या, वेगळं नको. पण रिपोर्ट यायला दोन दिवस, तोवर आई एसटी धरून वाडीवर पोचलेली. तो बघून तिला फोन कोण करणार, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आशाताई घरी येते, वजन करते, पण हा कागद तिच्या हातात पडतच नाही.

दाभोळखाडी:
मग डिस्चार्ज कार्डावर आईच्या नंबरशेजारी आशाताईचाही नंबर लिहा, आणि रिपोर्ट बघायची जबाबदारी डोळे तपासणाऱ्यावर न टाकता बाळाच्या डॉक्टरवर ठेवा. याला तरी तुमची हरकत नसावी.

काचेची_पेटी:
नंबराला नाही. डॉक्टर बदलून गेले की काय, ते सांगा.