केसेस पाडून नक्की वाचतं काय?

कोडेबहाद्दर: ऑस्ट्रेलियाचा नकाशा रंगवायचा प्रॉब्लेम घेतलाय, सहा राज्यं अधिक नॉर्दर्न टेरिटरी, रंग तीन, शेजाऱ्यांना एकच रंग चालणार नाही. जो तो सांगतो केसेस पाड, म्हणजे एका जागेची एकेक शक्यता धरून पुढचं वेगवेगळं तपास, पण केसेस पाडल्या तरी शेवटी सगळ्या तपासायच्याच ना? ३ चा ७ वा घात, २१८७. मग वाचलं काय?

बिनडोक_बायनरी: कुठेही तोडलंस तर काहीच वाचत नाही, ते खरंय. पण साउथ ऑस्ट्रेलिया धर. ती पाच जणांना लागून आहे, तिला लाल दिला की वेस्टर्न, नॉर्दर्न, क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया या सगळ्यांचा लाल गेला आणि उरली नुसती साखळी, रंग दोनच. वेस्टर्नला हिरवा दिलास की पुढचं आपोआप ठरतं, निळा हिरवा निळा हिरवा. म्हणजे २ उत्तरं. टास्मानिया सुटी, तिचे ३, झाले ६. लालच्या जागी दुसरा रंग घेतला तरी हेच, म्हणून एकूण १८. आता टास्मानियापासून सुरू करून बघ, तीन केसेस पडतील आणि तिन्हीत मूळ प्रॉब्लेम जसाच्या तसा 😄

कोडेबहाद्दर: पटलं. पण सुडोकूत असं मोक्याचं घर कसं ओळखायचं? सगळी सारखीच दिसतात.

रात्रपाळी: सारखी कुठे, कोणात किती आकडे शिल्लक आहेत ते मोज ना. दोनच उरलेत तिथे फोड, बरोबरी झाली तर ज्याला रिकामे शेजारी जास्त ते आधी. आणि आकडा धरला की लगेच आडव्या ओळीतून, उभ्या ओळीतून, खोक्यातून तो उडव, एखाद्या घराला काहीच उरलं नाही की ती केस तिथेच बाद. ही छाटणी नसेल तर केसेस पाडणं म्हणजे निव्वळ हमाली.

उंटाची_चाल: शिवाय जुळ्या केसेस दोनदा करू नका. आठ वजिरांच्या कोड्यात (८ बाय ८ च्या पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कोणी कोणाला मारत नाही) पहिल्या ओळीतला वजीर डावीकडच्या चारच घरांत ठेवून बघा, ४, ८, १६, १८ अशी ४६ उत्तरं येतात, उरलेली ४६ आरशातली. (पट ७ चा असेल तर मधलं घर वेगळं मोजावं लागतं, तिथे बरेच जण फसतात.)

बाकी मोठ्या प्रमाणावर हेच बघायचं तर २०१६ चं पायथागोरसच्या त्रिकुटांचं (३, ४, ५ सारखे आकडे, दोघांच्या वर्गांची बेरीज तिसऱ्याचा वर्ग) काम बघा. १ ते ७८२४ चे दोन गट असे पाडता येतात की कुठलंच अख्खं त्रिकुट एका गटात येत नाही, ७८२५ पर्यंत गेलं की अशक्य. त्यासाठी साधारण दहा लाख केसेस पाडून संगणकाच्या ८०० कोअरवर दोनेक दिवस चालवल्या, पुरावा भरला २०० टेराबाइट, आणि त्यातही कुठल्या चलावर, म्हणजे कुठल्या आकड्याचा गट धरून, फोडायचं ते ठरवण्यावर भरपूर डोकं लावलंय.