कलपातल्या पीपीडी या घटकाची आईला ॲलर्जी निघाली, आता केस रंगवायला काय वापरावं? (मदत हवी आहे)

कृष्णाकाठ:

नमस्कार. प्रश्न आईच्या केसांचा आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

आई निवृत्त शिक्षिका. चाळिशीपासून घरीच कलप लावते. प्लास्टिकची वाटी, जुना टूथब्रश आणि खांद्यावर एक विरलेला टॉवेल, असा तिचा ठरलेला सरंजाम. पुडी पाण्यात कालवायची आणि लावायची. इतकी वर्षं काही झालं नाही. अलीकडे कानामागे थोडी खाज यायची, तेवढंच. या वेळी गणपतीच्या आधी कलप लावला आणि दुसऱ्या रात्री कपाळाच्या कडेने पुरळ उठलं. सकाळी दोन्ही पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे उघडेनात. कानाच्या पाळ्यांतून पाणी गळत होतं. घरात पाहुणे, नैवेद्याची गडबड, आणि ती आतल्या खोलीत डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन पडलेली.

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी औषधांनी सूज उतरवली. सगळं शांत झाल्यावर पॅच टेस्ट केली. यात पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांचे ठिपके असलेल्या पट्ट्या चिकटवतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. मग पट्ट्या काढून बघतात आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा एकदा बघतात. आईच्या पाठीवर बाकी सगळं कोरं होतं. एकाच जागी लालभडक डाग आणि त्यावर बारीक फोड. ती जागा पीपीडीची, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइनची.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: ॲलर्जी त्या एका कंपनीच्या कलपाची नाही, घटकाची आहे. पक्क्या काळ्या-तपकिरी रंगाच्या बहुतेक कलपांत पीपीडी किंवा त्याचं जवळचं भावंड असतंच. मुळात ते बिनरंगी असतं. कलपातल्याच पेरॉक्साइड या दुसऱ्या रसायनाशी संयोग झाला की केसाच्या आतच त्याचे मोठे रंगीत रेणू तयार होतात, म्हणून तो रंग धुऊन जात नाही. वर्षानुवर्षं वापरूनही ॲलर्जी नंतर कधीही सुरू होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा जन्मभराची. पुढच्या वेळी त्रास वाढूही शकतो. हा प्रकार काही दुर्मिळ नाही. अमेरिकेतल्या या विषयाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली पीपीडीलाच त्या वर्षीचा ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून जाहीर केलं होतं.

इथवर समजलं. अडचण दुकानात सुरू झाली.

पहिलाच खोका दाखवला तो ‘अमोनिया नाही’ असं ठळक लिहिलेला, वर आवळा, शिकेकाई आणि भृंगराजाची चित्रं. दुकानदार म्हणाला, ‘ताई, हा एकदम हर्बल, बिनधास्त न्या.’ मागची अक्षरं इतकी बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचावी लागली. यादीत चौथं नाव पीपीडीचंच. अमोनियाचं काम केसाचं वरचं आवरण फुगवून रंगाला आत वाट करून देणं. त्याचा वास येतो, डोळे झोंबतात, पण आईला जे बाधलं ते अमोनियाने नव्हे. म्हणजे ‘अमोनिया नाही’ ही पाटी आमच्या काहीच कामाची नाही, आणि तरी सगळीकडे तीच मोठ्या अक्षरांत. आजारी माणसाच्या घरचे ज्या भरवशाने हे खोके विकत घेतात, तो भरवसा असा वापरला जातो याचा मला फार राग येतो.

दुसरी गोष्ट ‘काळी मेंदी’. पुडीवर नुसती मेंदीची पानं. पण मेंदीच्या पानातल्या रंगद्रव्याने केस नारिंगी-तांबूस होतात, फार तर गडद लालसर. काळे होत नाहीत. मग पाऊण तासात काळेभोर करणाऱ्या त्या पुडीत काय आहे? मागे घटकांची यादीच नव्हती.

म्हणून विचारते:

खोक्यावर पीपीडी आणखी कोणकोणत्या नावांनी लिहिलेलं असतं? ‘पीपीडी-फ्री’ लिहिलेले कलप आईला चालतील का? मेंदी आणि नीळ वापरून कुणी काळ्याच्या जवळचा रंग आणला आहे का, आणि भेसळ नसलेली पावडर ओळखायची कशी?

एक विनंती. ‘आता पांढरेच ठेवा, छान दिसतात’ असा सल्ला कृपया नको. मार्गशीर्षात धाकट्या भावाचं लग्न आहे. आई वरमाय. फोटोत आपण आपल्यासारखं दिसावं एवढीच तिची इच्छा आहे आणि ती मला अगदी रास्त वाटते. वयावरून तिला नातेवाइकांनी पुरेसं ऐकवून झालं आहे.

---

रानजाई:

माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. ही नावं फोनमध्ये लिहून ठेवा: पी-फेनिलीनडायअमाइन, पॅराफेनिलीनडायअमाइन, १,४-डायअमिनोबेंझीन, १,४-बेंझीनडायअमाइन. पुढे ‘हायड्रोक्लोराइड’ किंवा ‘सल्फेट’ असं शेपूट असलं तरी वस्तू तीच.

यादी का नव्हती, तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ३० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या घट्ट किंवा पावडरीच्या आणि ६० मिलिपेक्षा कमी द्रवाच्या पॅकवर घटकांची यादी छापणं सक्तीचं नाही. कलपाच्या पुड्या बहुतेक याच मापाच्या. पण एक खूण हमखास बघा. पीपीडी किंवा तसे रंग असलेल्या कलपावर इशारा छापावाच लागतो, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत: काहींच्या त्वचेला याने त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. हा इशारा ज्या ‘हर्बल’ पुडीवर दिसेल ती सरळ परत ठेवा. इशाराही नाही, यादीही नाही, उत्पादकाचा परवाना क्रमांकही नाही, अशी सुटी पुडी तर हातातच घेऊ नका.

---

औदुंबर:

आमच्या यजमानांना हाच त्रास, मिशीपासून सुरू झाला. ‘पीपीडी-फ्री’बद्दल अनुभवाने सांगते: त्या खोक्यात पीपीडीच्या जागी टोल्यूइन-२,५-डायअमाइन होतं. ते भावंडच निघालं. वरच्या ओठावर पुन्हा तशीच सूज. पीपीडीची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना तेही बाधतं. पॅरा-अमिनोफिनॉल नावावरही नजर ठेवा. नव्या पिढीचे सौम्य म्हणून मिळणारे रंग आहेत, पण ते ॲलर्जी होऊ नये म्हणून आहेत. ज्याला आधीच झाली आहे त्याने स्वतःच्या मनाने वापरायचे नाहीत.

आणि आईंनी कुठलाही तयार कलप घरी ‘थोडासा लावून बघू’ म्हणूनसुद्धा लावू नये. पुडीवरची कानामागची चाचणी ज्यांना ॲलर्जी आहे की नाही हे माहीत नाही त्यांच्यासाठी. आईंचं निदान झालेलं आहे. शंका असलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडेच जा.

आणखी एक, दातांच्या डॉक्टरांना ही ॲलर्जी आवर्जून सांगा. तोंड आलं की लावायच्या काही जेलांत आणि घशाच्या गोळ्यांत बेंझोकेन हे बधिर करणारं औषध असतं. पीपीडीवाल्यांपैकी काहींना तेही चालत नाही. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

---

चिंचेचं बन:

मेंदी आणि नीळ मी बरीच वर्षं करते आहे. पांढऱ्या केसांवर काळ्याच्या जवळ जायचं तर दोन पायऱ्या लागतात, एकत्र कालवून तपकिरी येतो.

आदल्या दिवशी मेंदी. कोमट पाण्यात, हवं तर चहाच्या पाण्यात कालवून काही तास झाकून ठेवायची. लोखंडी कढईत आवळा पावडर भिजवून घातली तर रंग थोडा गडद होतो. दोन-तीन तास डोक्यावर ठेवून नुसत्या पाण्याने धुवायची. केस केशरी दिसतील, घाबरू नका, पुढच्या रंगाची ती बैठक आहे.

दुसऱ्या दिवशी नीळ. कपड्यांची नीळ नव्हे हं, नीळीच्या झाडाच्या पानांची पावडर, दुकानात इंडिगो पावडर म्हणून मिळते. ती हिरवट असते. कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ, बास. लिंबू, दही काहीही आंबट घालायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत वर निळसर झाक दिसली की लगेच लावायला घ्या, कारण ती ठेवून चालत नाही, जोर जातो. तास-दीड तासाने धुवा आणि पुढचे दोन दिवस शांपू नको. धुतल्यावर आधी हिरवट-निळसर वाटेल, हवेत एक-दोन दिवसांत रंग मुरतो.

भेसळीबद्दल: पावडर काळी किंवा करडी असेल, किंवा मेंदी म्हणून घेतलेल्या वस्तूने दहा मिनिटांत बोट काळं केलं, तर ती मेंदी नव्हे. शुद्ध म्हणून विकल्या जाणाऱ्या नीळीतही कधी पीपीडी मिसळलेलं निघतं, त्यामुळे औदुंबर यांनी म्हटल्याप्रमाणे पावडर आधी डॉक्टरांना दाखवाच. लग्नाच्या आठवड्यात पहिला प्रयोग करू नका, आत्ताच एक फेरी करून बघा.

---

पाऊलवाट:

लग्नाच्या दिवशी मुळाशी पांढरं दिसलं तर वरून लावायची कांडी मिळते. घटकांत आयर्न ऑक्साइड असलेली आणि वरची नावं नसलेली बघून घ्या. केसांवर नुसता थर बसतो, शांपूने जातो. घामाने पदराला लागू शकते, तेवढं सांभाळा.

पण मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. घरात लग्न म्हणजे हातावर मेंदी! पटकन रंगणाऱ्या काळ्या कोनांत हेच पीपीडी असू शकतं, आणि हातावर ते कलपापेक्षाही जास्त वेळ थेट त्वचेवर राहतं. मेंदीवाल्या मुलीला आधी विचारून ठेवा.

---

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. कोनाचं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आईला सांगितल्यावर ती म्हणाली, घरचेच कोन भरू, आणि नवरीकडेही कळवू. तिच्या माहेरी अंगणात मेंदीचं झाड होतं, त्यामुळे पानं वाटायचा उत्साह आत्तापासूनच आहे.

रानजाई, तुम्ही सांगितलेला इशारा शोधला. घरातल्या जुन्या पुडीवर मराठीत आहे, घडीच्या आत दुमडलेल्या जागी.

चिंचेचं बन, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. आईच्या केसांवर जुन्या कलपाचा रंग टोकांना अजून आहे. त्यावर नीळ लावली तर चालते का, की आधी तेवढं कापून घ्यावं? (डॉक्टर म्हणाले, केसात मुरलेला जुना रंग आता त्रास देणार नाही, म्हणून काळजी फक्त रंग कसा दिसेल याची आहे.) आणि पावडर सांगली-मिरजेकडे कुणाच्या खात्रीच्या ठिकाणी मिळत असेल, तर कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तेव्हाच ती सोबत न्यायचा विचार आहे.