अनुभव धागा : तुम्हाला हसवणारी कॉमिक स्ट्रिप कोणती?

धागाकर्ता
नागपूरकर मंडळी, हा धागा विनोदी स्ट्रिप्ससाठी. पेपरातल्या तीन चौकटी असोत की मोबाइलवर अंगठ्याने सरकवत वाचायचं वेबकॉमिक, सगळं चालेल. नुसती नावं नकोत. ती स्ट्रिप हाती कशी लागली आणि हसू नेमकं कशाला आलं, ते लिहा.

सुरुवात मी करतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला. पुण्याची मावशी त्याची कात्रणं वहीत चिकटवायची आणि उन्हाळ्यात इकडे येताना वही घेऊन यायची. कूलरसमोर बसून आम्ही भावंडं ती वही वाचून काढायचो. 'कॅल्विन अँड हॉब्ज' मात्र मला थेट नेटवरच भेटलं, तेही बिल वॉटरसनने ते १९९५ च्या ३१ डिसेंबरला बंद केल्यानंतर कित्येक वर्षांनी. हॉब्ज बाकीच्यांना कापडी वाघ दिसतो, छोट्या कॅल्विनला खराखुरा. खरं काय, हे वॉटरसनने कधीच उघड केलं नाही, आणि हॉब्जची खेळणी बाजारात आणायलाही ठाम नकार दिला. या नकाराबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो. दुकानात कापडी हॉब्ज आला असता तर प्रश्नाचं उत्तरच मिळून गेलं असतं. आता रात्री मुलाला रोज दोन-तीन स्ट्रिप वाचून दाखवतो, क्रमाने.

मिहान_रात्रपाळी
आपलं दैवत एक्सकेसीडी हे वेबकॉमिक! रँडल मन्रोनं २००५ मध्ये सुरू केलेलं. काडीची माणसं, नाक नाही, डोळे नाही, तरी हासून हासून पोट दुखते राजेहो. चित्रावर माऊस ठेवला की अजून एक ओळ उघडते, कधी कधी खरी गंमत तिथंच असते.

त्यातली 'बॉबी टेबल्स'वाली तर आमच्या टीममध्ये सगळ्यांना पाठ आहे. शाळेतून आईला फोन येते, तुमच्या पोट्ट्याचं नाव खरंच असं ठेवलं का? नावातच डेटाबेसची कमांड, आणि ती चालल्यानं विद्यार्थ्यांचा सगळा तक्ता उडालेला. आई शांतपणे म्हणते, बाहेरून आलेली माहिती तपासून घ्यायची आता शिकले असाल. नवीन पोरं आली की मी आधी ही स्ट्रिप दाखवतो, मग कोड. तासभर बोलून जे डोक्यात जात नाही, ते चार चौकटींत जाते.

जंगलवेडी
पेंच, नागझिरा, ताडोबा करणाऱ्या इथल्या कोणीच अजून 'ग्रीन ह्यूमर'चं नाव कसं घेतलं नाही? रोहन चक्रवर्ती आपल्या नागपूरचा! शिक्षण दंतवैद्यकाचं, पण दात सोडून त्याने पक्षी-प्राण्यांची कार्टून्स काढायला घेतली. भारतातली ही मालिका गोकॉमिक्स या कॉमिक्सच्या वेबसाइटवरून जगभर वाचली जाते. त्याचे प्राणी गोंडस आहेत, पण गोंडसपणावर वेळ मारून नेत नाहीत. प्रत्येक जातीची सवय, रंग, चोच अभ्यासून काढलेली असते. जंगलातून जाणारा रस्ता, कमी होणारी गवताळ माळरानं यांच्यावर तो प्राण्यांच्याच तोंडून बोलतो, आणि हसता हसता गप्प व्हायला होतं. आमच्या निसर्गमंडळात मुलांना पक्षी ओळखायला शिकवताना याचा फार उपयोग होतो.

प्रबंध_चालू
पीएचडी कॉमिक्स. होर्हे चॅमने १९९७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना सुरू केलं. गाइडची वाट बघणं, फुकटच्या खाण्यासाठी सेमिनारला जाणं, घरच्यांचं "अजून किती?" सगळं आमच्या लॅबमधलंच. दुपारच्या चहाला मोठ्याने वाचतो.

रामदासपेठचे_आजोबा
मी शि. द. फडणीसांच्या चित्रांवर वाढलो. एक शब्द नाही, आणि रंगसंगती अशी की चित्र पुन्हा पुन्हा बघावं. परदेशातल्या माझ्या नातीला मराठी वाचता येत नाही. म्हणून मी नेटवर बिनशब्दांच्याच स्ट्रिप्स शोधतो. पाठवली की तिकडून हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग येते, मग आमचा फोन होतो. या वयात बोलायला विषय मिळणं मोठी गोष्ट आहे.

बाई_महालच्या
मी शाळेत मराठी शिकवते. रायन नॉर्थचं 'डायनोसॉर कॉमिक्स' २००३ पासून चालू आहे, आणि त्यात चित्रं दरवेळी तीच. सहा चौकटी, तेच डायनोसॉर, बदलतात फक्त संवाद. हे कळल्यावर मी वर्गासाठी सहा चौकटी काढल्या: सिग्नलवर एक ऑटो, एक गाय आणि पिशवी घेतलेल्या एक काकू. फुगे कोरे. झेरॉक्स वाटल्या आणि सांगितलं, घरी बोलता तसंच लिहा.

एरवी निबंधात चार ओळींवर न जाणारी मुलं पानाच्या मागे लिहायला लागली. एकाची गाय ऑटोवाल्याला विचारते, "बर्डी जाते का?" तो म्हणतो, "शेअरिंग आहे, अजून दोन गाई येऊ दे." दुसरीच्या काकू हॉर्न वाजवणाऱ्याला सुनावतात, "तुले घाई आहे त उडून जा नं भाऊ." चित्र एकच, आणि प्रत्येक घराची बोली वेगळी. मारबतीच्या मिरवणुकीत बडग्या पुतळ्याच्या गळ्यातल्या पाटीवर जशी दोन ओळींत सगळी भडास निघते, तशी धार या फुग्यांत होती. आपल्या भागाला हा विनोद शिकवावा लागत नाही. चौकटी आखून द्याव्या लागतात.

परत_आलेला
माझं थोडं वेगळं. परगावी नोकरीत एकटा राहत होतो तेव्हा 'गारफिल्ड मायनस गारफिल्ड' सापडलं. जिम डेव्हिसच्या 'गारफिल्ड' स्ट्रिपमधून डॅन वॉल्शने गारफिल्ड हे मांजरच पुसून टाकलं. उरतो तो त्याचा मालक जॉन, रिकाम्या खोलीत स्वतःशी बोलणारा. मूळ स्ट्रिपने मला कधी फार हसवलं नव्हतं. ही वाचून हसलो आणि त्याच रात्री घरी फोन लावला. डेव्हिसने चिडण्याऐवजी त्याचं पुस्तकही निघू दिलं, हे मला फार आवडलं.

गोकुळपेठ_गृहिणी
सैलेश गोपालनचं 'ब्राउन पेपरबॅग' वाचा. आई, मुलगा, नातेवाईक, सगळं आपल्याच घरातलं. सारा अँडरसनचं 'साराज स्क्रिबल्स' माझी लेक आणि मी दोघी वाचतो.

एक कळकळीचं सांगणं: ग्रुपवर येणाऱ्या निम्म्या स्ट्रिप्सची खालची सही कापलेली असते. चित्रकाराचं नाव गेलं की त्याचं पुढचं काम आपल्यापर्यंत पोचायची वाटच बंद होते. एक्सकेसीडीसारखे काही जण श्रेय देऊन, पैसे न कमावता वापरायची उघड परवानगी देतात. तेवढं नाव तरी ठेवा.

मिहान_रात्रपाळी
काकू, एकदम बरोबर. आणि महालच्या बाई, ती कोरी सहा चौकटींची पानं इथं टाका नं. आमच्या सोसायटीतल्या पोट्ट्यांना तान्ह्या पोळ्याच्या दिवशी वाटतो. खाली तुमचं नाव ठेवूनच झेरॉक्स काढीन.