ब्रेक्झिटच्या वेळी तुमच्या घरात काय झालं होतं? अनुभव लिहा

वॉटफर्डवाली
आज मसाल्यांचा खण पुसायला काढला. तळाचा कागद हळदीने पार पिवळा झालेला, बदलावा म्हणून उचलला तर 2016चं सरकारी पत्रक निघालं. त्या एप्रिलमध्ये घरोघरी टाकलं होतं ना, युरोपीय संघात राहण्यातच ब्रिटनचं हित आहे असं सांगणारं, तेच. सासूबाई तेव्हा इथे होत्या. "चांगला जाड कागद आहे, टाकतेस काय" म्हणून त्यांनी पानं सुटी करून खणात घातली होती. हातात घेतलं आणि ओट्याशीच बसले.

23 जून 2016, गुरुवार. काय पाऊस होता! संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर मत द्यायला मी आणि हे एका छत्रीतून गेलो. दोघांचेही पासपोर्ट तेव्हा भारताचे, पण राष्ट्रकुलातले म्हणून आम्हाला मत होतं. मी राहण्याच्या बाजूने दिलं, यांनी बाहेर पडण्याच्या. यांचं म्हणणं एकच, "माझ्या आईला चार महिने यायचं तर व्हिसा, बँकेचे कागद, हमीपत्र. आणि युरोपातला कुणीही पिशवी उचलून येऊन राहणार. हा कुठला न्याय?" सासूबाईंच्या व्हिसासाठी आम्ही काय धावपळ केली होती ते मलाही ठाऊक होतं, त्यामुळे मला धड भांडताही येईना.

दुसऱ्या दिवशी निकाल. देशात 52 विरुद्ध 48. आमच्या वॉटफर्डमध्ये तर फक्त 252 मतांनी बाहेर. घरात एकास एक.

शेजारी पोलंडची एक बाई राहायची. 2004 पासून इथे. मी कामावरून उशिरा सुटले की माझ्या लेकीला शाळेतून तीच आणायची, खाऊ घालायची. तिला या प्रश्नावर मत द्यायचा हक्क नव्हता. 24 तारखेला सकाळी कुंपणाशी भेटली. डोळे सुजलेले. म्हणाली, "तुम्हाला मत होतं ना?" मी हो म्हटलं. पुढे तिने काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते न सांगणं अजून टोचतं.

तुमच्याकडे काय झालं होतं? लिहा ना. कुठल्याही बाजूचे असा.

लेस्टरकर
हापूस!! आमच्या घरात भांडण हापूसवरून होतं. 1 मे 2014 पासून ईयूने (युरोपीय संघाने) भारताचा आंबा बंद केला होता आठवतंय का, फळमाशी सापडली म्हणून. आंब्याबरोबर आळू, कारली, पडवळ, वांगीही. ऐन हंगामात. बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात दर वर्षी दारापासून पेट्या रचलेल्या असायच्या, तिथे त्या मे महिन्यात मोकळी फरशी. सासरे देवगडचे. रोज त्या दुकानावरून चालत जाऊन रिकाम्या हाताने परत यायचे. बंदी जानेवारी 2015 मध्ये उठली, पण त्यांच्या मनातली उठली नाही. "ब्रसेल्समध्ये बसून माझा आंबा अडवणारे हे कोण?" 2016ला त्यांनी तेवढ्यावरच शिक्का मारला. म्हणजे फुली मारली, इथे शिक्का कुठे.
त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आंबा आला की पहिली फोड अजून त्यांच्या फोटोपुढे.

आळूवडी
लेस्टरकर, डोळ्यांत पाणी आलं. आणि माझ्या टोपणनावामुळे विचारते, आळूची पानं हल्ली लेस्टरला ताजी मिळतात का? आमच्याकडे फ्रोझन आणि तीही फाटकी.

पेनवाला
फुलीवरून आठवलं. मतदानकेंद्रात पेन्सिल ठेवलेली असते ना, तर लोक घरून पेन घेऊन आले होते. पेन्सिलची फुली पुसतील अशी अफवा. माझ्यापुढच्या आजींनी पर्समधून तीन पेनं काढली आणि रांगेत वाटली. मी त्यांचं पेन वापरून त्यांच्या विरुद्ध मत दिलं, त्यांची बाजू कोटावरच्या बिल्ल्यावरून कळली होती. पेन परत केलं तेव्हा 'थँक यू लव्ह' म्हणाल्या. गोड होत्या हो.

मांडवीकाठ
आम्ही स्विंडनला. इथे गोंयकार किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. आमचे पोर्तुगीज पासपोर्ट. 19 डिसेंबर 1961 आधी गोव्यात जन्मलेल्यांची मुलं नातवंडं म्हणून ते मिळतात. मी भारताचा पासपोर्ट परत करताना पणजीला मायने (आईने) दोन दिवस जेवण घेतलं नव्हतं. तो सोडून इथे आले, गोदामात रात्रपाळ्या केल्या, नऊ वर्षं टॅक्स भरला, आणि मला मत नाही. कारण मी 'युरोपियन'. माझा मावसभाऊ कामाच्या व्हिसावर येऊन आठ महिने झालेला, पासपोर्ट भारताचा. त्याला मत! त्याने आदल्या रात्री फोन करून विचारलं, "ताई, तुझ्या वतीने कुणाला देऊ?" त्याने माझं मत दिलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.
स्विंडन बाहेरच्या बाजूने गेलं, 55 टक्के. दुसऱ्या रात्री पाळीवर कुणी कुणाशी बोलेना. खोकी चिकटवायच्या टेपचा आवाज तेवढा.
मग ते सेटल्ड स्टेटस, म्हणजे आम्हा युरोपियनांना इथे कायम राहायची परवानगी. पासपोर्टची चिप फोनवर वाचायची होती आणि सुरुवातीला आयफोनवर चालतच नव्हतं. आमच्या गल्लीत अँड्रॉइड फोन असलेला एक मुलगा होता, शनिवारी त्याच्या स्वयंपाकघरात रांग. म्हाताऱ्या बायका हातात पासपोर्ट धरून बसलेल्या, चेहऱ्याचा फोटो नीट येईना, तो सांगतोय आजी हलू नका. पाच वर्षांचा पुरावा नॅशनल इन्शुरन्स नंबरवरून आपोआप निघाला तर सुटलो. घरकाम करणाऱ्यांच्या, मुलं सांभाळणाऱ्यांच्या नावावर काहीच निघत नव्हतं.

आळूवडी
@मांडवीकाठ मिठी. जेवण घेतलं नव्हतं हे वाचून आईची आठवण आली.

बेळगावी
मांडवीताई, तुमच्या मायने नंतर मान्य केलं का?

मांडवीकाठ
ओसीआय कार्ड (दुसऱ्या देशाचे नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात यायची मुभा) आलं तेव्हा हातात घेऊन उलटसुलट बघितलं. म्हणाली, बरं, म्हणजे घरी यायला देतात.

वॉर्डातून
सुट्टीच्या पाच मिनिटांत लिहितोय, चुका समजून घ्या. तेव्हा मी लिंकनशायरला डॉक्टर होतो, बॉस्टनपासून जवळ. बॉस्टनने 75 टक्क्यांच्या वर बाहेर पडायला मत दिलं होतं, देशात सगळ्यांत जास्त. कोबी-फ्लॉवरच्या शेतांवर लिथुआनिया, पोलंड, लॅटव्हियाची माणसं. पहाटे काळोखात बसमधून नेतात, वाकून वाकून पाठी गेलेल्या, तळहात चिरलेले. ती माझ्याकडे यायची. आणि ज्यांचं म्हणणं होतं की गावात डॉक्टरची वेळ मिळत नाही, शाळेत जागा नाही, घरभाडं परवडत नाही, ती माणसंही माझ्याकडेच यायची. खरंच मिळत नव्हतं हो. वेळापत्रक माझ्यासमोर असायचं, मला दिसायचं.
24ला सकाळचा दवाखाना. एक आजोबा, मी त्यांचं मधुमेहाचं दोन वर्षं बघत होतो. खूष होते. जाताना माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही नाही हां डॉक्टर. ते दुसरे." पुढची पेशंट लिथुआनियाची, तिने दारातून ते ऐकलं होतं. आत येऊन बसली, हात पुढे केला पट्टी बदलायला. मी तिच्याशी काय बोलायला हवं होतं ते मला आजपर्यंत सुचलेलं नाही.
पेजर वाजतोय. येतो.

पेनवाला
डॉक्टर, _/\_

डोंबिवली फास्ट नाही स्लो
मी तेव्हा इथे शिकायला येणार होतो, फी भरायची बाकी. पौंड शंभरच्या आसपास होता, तो एका दिवसात नव्वदीत उतरला. बाबांचा डोंबिवलीहून फोन, "थांब, अजून उतरेल." त्याच दिवशी सेन्सेक्स 600 अंकांनी पडला, त्यात बाबांचं जे गेलं ते फीमध्ये वाचलं असा हिशोब त्यांनी आईला मांडून दाखवला. आमच्या घरात पेढे आणायचेच बाकी होते. सप्टेंबरात इथे आलो तर खोलीतला जोडीदार ग्रीसचा. तो रोज रात्री घरी फोनवर भांडायचा, परत ये की नको येऊ. मला माझा तो आनंद कुणाला सांगायची इच्छा राहिली नाही.

ब्रमी
सगळे राहण्यावाले लिहिताहेत, तर मी बाहेरवाला लिहितो. बर्मिंगहॅमला आमचं छोटं हॉटेल होतं. आचारी मिळेना. इथली मुलं तंदूरपुढे उभी राहत नाहीत, भारतातून आणायचा तर पगाराची अट एवढी की मालकाला तेवढं सुटत नाही. प्रचारात आम्हाला सांगितलं, ईयूतून बाहेर पडलो की तुमचे आचारी आणता येतील. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल बाईंनी जाहीर सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला. पत्रकं वाटली, वीस जणांना पटवलं. बर्मिंगहॅम 50.4 टक्क्यांनी बाहेर गेलं, त्यात माझे वीस आहेत.
त्यानंतर चार वर्षं आम्हाला एकही माणूस आणता आला नाही. भांडी घासायला रुमानियाचा पोरगा होता, तोही गेला. 2020मध्ये शटर ओढलं ते ओढलंच. मला फसवलं याचा राग आहेच, पण त्या वीस जणांना माझ्या शब्दावर मत द्यायला लावलं याचं जास्त वाटतं. त्यातल्या तिघांकडे जाऊन तसं बोललो. बाकीच्यांकडे अजून जमलेलं नाही.

वॉटफर्डवाली
ब्रमी दादा, तुम्ही हे लिहिलंत याला धीर लागतो. यांना वाचायला दिलं. दोनदा वाचलं.

सांगलीची नर्स
मी 2021 नंतर आले. ब्रेक्झिटनंतरच्या नवीन व्हिसावर. आधी आमच्या वॉर्डात स्पेन-पोर्तुगालच्या मुली होत्या म्हणे, त्यांच्या नावाची लेबलं अजून दोन लॉकरवर आहेत. मी त्यातलं एक वापरते. काढलेलं नाही.

बेलफास्टहून
आमचं दुखणं वेगळंच. उत्तर आयर्लंडने 56 टक्के राहायला मत दिलं आणि बाहेर पडलो. संघातच राहिलेल्या आयर्लंडशी असलेली आमची सीमा उघडी ठेवायची म्हणून इंग्लंडहून येणाऱ्या मालाची तपासणी आली समुद्रावर. 2021च्या जानेवारीत मी इंग्लंडच्या नर्सरीतून कढीपत्त्याचं रोप मागवलं, पैसे कापले आणि मेल आली की उत्तर आयर्लंडला मातीसकट रोप पाठवता येत नाही. एकाच देशात! शेवटी डब्लिनला राहणाऱ्या मैत्रिणीने तिच्याकडचं रोप गाडीतून आणून दिलं, वाटेत कुणी थांबवलंसुद्धा नाही. आता कमरेएवढं झालंय. कुणी इकडे आलं तर डहाळी देईन.

आळूवडी
मी येते!! बहीण लिस्बर्नला आहे.

बेलफास्टहून
या की. आळूची पानं मात्र इथेही नाहीत.

वॉटफर्डवाली
सगळ्यांचं वाचलं, कुकर होईपर्यंत वाचत होते, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. शेजारणीचं कुणीतरी व्यनित (खाजगी निरोपात) विचारलं म्हणून सांगते. ती 2019मध्ये व्रोत्सवाफला परत गेली. एकमेकींच्या घराच्या किल्ल्या आमच्याकडे असायच्या. माझी तिने जायच्या दिवशी दिली. तिची मी द्यायला विसरले, की दिली नाही, मला आता सांगता येत नाही. अजून खुंटीवर आहे. आत्ता हे उठले, कपाटातून तिच्या नाताळच्या कार्डावरचा पत्ता शोधून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, मी पण चार ओळी लिहितो.

लेस्टरकर
@आळूवडी, उशीर झाला. बेलग्रेव्ह रोडला शनिवारी पानं येतात, अकराच्या आत गाठावी लागतात. सांग, दोन जुड्या ठेवायला सांगतो.